गास्तों फेब्यूसने पोटच्या पोराला खरंच मारलं का?

रानवाटा_७
नमस्कार मंडळी, मध्ययुगीन फ्रान्सवाले कोणी आहेत का इथे?

परवा शिकारी कुत्र्यांबद्दल काहीतरी शोधत होते तर एका जुन्या हस्तलिखिताची चित्रं सापडली. काय चित्रं आहेत! एक पोरगा कुत्र्याचा पंजा धुतोय, दुसरा जबडा उघडून दात बघतोय, मागे सगळी सोन्याची नक्षी. म्हटलं हे लिहिणारा माणूस कोण एवढा कुत्र्यांवर जीव टाकणारा, म्हणून शोधलं तर गास्तों तिसरा, फ्वाचा काउंट आणि बेआर्नचा व्हायकाउंट, चौदावं शतक, स्वतःला 'फेब्यूस' म्हणजे सूर्यदेव म्हणवून घ्यायचा (नम्रपणा बघा). पुस्तकाच्या सुरुवातीला म्हणतो की आयुष्यात तीन गोष्टींचं वेड, लढाई, प्रेम आणि शिकार, पहिल्या दोन्हींत माझ्यापेक्षा भारी लोक होऊन गेले पण शिकारीत मला कोणी गुरू असेल असं वाटत नाही.

इथपर्यंत मजा वाटत होती. मग पुढे वाचलं की याने बायकोला हाकलून दिलं आणि एकुलता एक औरस मुलगा याच्याच हातून मेला. आणि तेही नखं साफ करायच्या चाकूने?? एका ठिकाणी सरळ 'खून' लिहिलंय, एका ठिकाणी 'अपघात', तिसऱ्या ठिकाणी मुलानेच बापावर विषप्रयोग केला म्हणे.

तर नक्की काय झालं होतं, बायकोचं काय भांडण होतं, आणि मुलगा गेल्यावर एवढं राज्य कोणाच्या घशात गेलं? फ्रेंच येत नाही, त्यामुळे मराठीत समजावलंत तर उपकार होतील.

जुनी_सनद
ताई, मुलगा १३८० मध्ये बापाच्या कैदेत असताना मेला हे नक्की. कसा मेला हे सविस्तर एकाच माणसाने लिहून ठेवलंय आणि तो माणूस तिथे आठ वर्षांनी पोचला. पण आधी या फेब्यूसची जागा समजून घ्या, नाहीतर घरातलं भांडण कळणारच नाही.

पिरनीज डोंगराच्या उत्तर पायथ्याशी त्याचे दोन मुलूख. पूर्वेला फ्वा, तिथे तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. पश्चिमेला बेआर्न, त्यावर इंग्लंडचा राजा अकितेनचा ड्यूक या नात्याने हक्क सांगायचा. आणि या दोघांच्या मधे आर्मान्याक घराणं बसलेलं, ज्यांच्याशी बेआर्नच्या वारशावरून १२९० पासून भाऊबंदकी चालू. म्हणजे शंभर वर्षांच्या युद्धात दोन राजे एकमेकांचे गळे धरून बसलेत आणि हा बरोबर फटीत.

बाप १३४३ मध्ये स्पेनमध्ये गेला, अल्जेसिरासच्या वेढ्याला गेला होता तिकडेच आजारी पडून. पोरगा तेव्हा १२ वर्षांचा. आई एलिओनोर हिने कारभार सांभाळला आणि चांगला सांभाळला. १३४६ ला क्रेसीच्या लढाईत फ्रान्सची धूळधाण झाली, आणि पुढच्या वर्षी राजा फिलिप सहाव्याचा माणूस ऑर्तेझला (बेआर्नमधलं फेब्यूसचं मुख्य ठाणं) आला तेव्हा या १६ वर्षांच्या पोराने उत्तर दिलं की फ्वापुरता मी राजाचा आहेच, पण आत्ता मी बेआर्नमध्ये आहे आणि बेआर्न मला देवाने दिलंय, जगातल्या कुठल्याही माणसाने नाही. २५ सप्टेंबर १३४७. हे नुसतं बोलून दाखवलं नाही, पुढची ४४ वर्षं निभावलं. त्याच्या सगळ्या आयुष्याची किल्ली हीच आहे असं मला वाटतं, मुलाच्या प्रकरणाचीसुद्धा.

आता लग्न. १३४९, पॅरिस, नवरी आन्येस, नाव्हारच्या राजघराण्यातली. तिची आई फ्रान्सचा राजा लुई दहावा याची मुलगी, म्हणजे सोयरीक एकदम वरची. हुंडा ठरला, थोडा हातात पडला, बाकीचा राहिला तो राहिलाच. आन्येसचा भाऊ म्हणजे नाव्हारचा चार्ल्स, ज्याला इतिहासात 'दुष्ट चार्ल्स' म्हणतात, तो आयुष्यभर फ्रान्सच्या राजाशी कुरापती काढत राहिला आणि त्याच्या पायी १३५६ मध्ये फेब्यूससुद्धा पॅरिसमध्ये तुरुंगात जाऊन आला.

लग्नाला १३ वर्षं झाली आणि सप्टेंबर १३६२ ला वारस झाला, त्याचंही नाव गास्तों. मग ५ डिसेंबर १३६२, लोनाकची लढाई, फेब्यूसने आर्मान्याकचा काउंट, आल्ब्रेचा सरदार आणि त्यांच्या बाजूची बडी बडी माणसं एका दिवसात जिवंत पकडली. या कैद्यांच्या सुटकेचे पैसे म्हणजे लॉटरीच होती, एकट्या आर्मान्याकचे ३ लाख फ्लोरिन (तेव्हाचं सोन्याचं नाणं). आणि त्याच महिन्यात आन्येसला बाहेरचा रस्ता. कारण काय तर हुंडा दिला नाही. काखेत तीन महिन्यांचं पोर होतं ते ठेवून घेतलं, तिला माहेरी पाम्प्लोनाला पाठवून दिलं, ती परत कधीच आली नाही.

माझा हिशोब सरळ आहे. पैसा आला, आर्मान्याक वठणीवर आले, वारस मिळाला, मग नाव्हारवाल्यांची गरज काय उरली? हुंड्याचं निमित्त.

काकडीची_कोशिंबीर
हुंडा थकला म्हणून बाळंतिणीला हाकलली आणि म्हणे प्रेम, लढाई, शिकार! त्यात प्रेम दुसऱ्या नंबरला लिहिलंय यातच सगळं आलं 😡

बाकी जुनी_सनद साहेब, चाकूचं राहिलं की. मुख्य गोष्ट सोडून तुम्ही १२९० ला गेलात.

जुनी_सनद
येतोय येतोय, जेवायला उठलो होतो.

सांगणारा आहे फ्रुआसार, त्या काळातला सगळ्यात मोठा बखरकार. हा २५ नोव्हेंबर १३८८ ला ऑर्तेझला आला, सोबत फेब्यूसला भेट म्हणून चार ग्रेहाउंड आणलेले, त्रिस्तान, हेक्टर, ब्रन आणि रोलां. सुमारे १२ आठवडे राहिला. रोज रात्री फेब्यूसला स्वतःचं लांबलचक काव्य वाचून दाखवायचा, आणि रात्री म्हणजे खरंच रात्री, कारण हे महाशय दुपारी उठायचे आणि मध्यरात्री बारा नोकरांनी धरलेल्या बारा मशालींच्या उजेडात जेवायला बसायचे. दारात दररोज पाच फ्लोरिनची चिल्लर गोरगरिबांना वाटायची असा नेम. कोंबडीचे फक्त पंख आणि तंगड्या खायचे, इतकं बारीक लिहिलंय पठ्ठ्याने.

तर त्याची गोष्ट अशी. मुलगा मोठा झाल्यावर, आर्मान्याकच्या मुलीशी लग्न होऊन गेल्यावर, आईला भेटायला नाव्हारला गेला. परत निघताना मामाने, म्हणजे दुष्ट चार्ल्सने, त्याच्या हातात पुडीची एक छोटी थैली दिली. म्हणाला ही भुकटी बापाच्या जेवणावर टाक, त्याचं मन तुझ्या आईकडे वळेल, पण कोणाला सांगू नकोस. पोराने विश्वास ठेवला. घरी आल्यावर सावत्र भाऊ इव्हँ (हा फेब्यूसचा लेकावळा, पण लाडका) याला ती थैली दिसली. तीन दिवसांनी दोघांचं चेंडूच्या खेळावरून भांडण झालं, गास्तोंने इव्हँच्या कानाखाली मारली, इव्हँ रडत बापाकडे गेला आणि बोलून गेला की मारायला तर त्यालाच पाहिजे, छातीशी कसली तरी पूड घेऊन फिरतो, म्हणतो आई लवकरच परत येणार.

फेब्यूस त्या वेळी काही बोलला नाही. जेवायला बसल्यावर मुलगा वाढायला आला, तेव्हा त्याच्या अंगरख्यातून थैलीचे बंद बाहेर दिसले. जवळ बोलावलं, चाकूने बंद कापले, पूड पावाच्या कापावर घातली, कुत्र्याला हाक मारली. कुत्र्याने घास गिळला, डोळे फिरवले आणि मेला.

बाप चाकू घेऊन तिथेच अंगावर धावला, सरदार मधे पडले म्हणून पोरगा वाचला. त्याला ऑर्तेझच्या बुरुजातल्या अंधाऱ्या खोलीत टाकलं. मुलाच्या सेवेतली पंधरा माणसं मारून टाकली, गुन्हा हा की यांना माहीत असणारच. मुलुखातल्या प्रतिष्ठित लोकांना बोलावून विचारलं तर सगळ्यांनी हात जोडून सांगितलं, एकच वारस आहे, मारू नका. तो निवळला, नुसतं डांबून ठेवायचं ठरवलं. पण आत मुलाने अन्न सोडलं होतं. दहा दिवस अंगावर तेच कपडे, ताटं तशीच पडलेली. ताटं नेणाऱ्याने जाऊन सांगितलं. फेब्यूस तेव्हा छोट्या चाकूने नखं कोरत होता, तसाच तडक आत आला, चाकू मुठीत, पात्याचं टोक बोटांच्या बाहेर एका नाण्याच्या जाडीएवढंच निघालेलं. मुलाच्या गळ्यापाशी हात नेऊन 'हरामखोरा, जेवत का नाहीस' असं काहीतरी बोलला आणि निघून गेला. ते टोक नेमकं शिरेला लागलं होतं. मागून कळलं की पोरगा गेला. मग त्याने डोक्याचे केस उतरवले, काळे कपडे घातले, दरबारातल्यांनाही घालायला लावले.

आता खरं किती ते तळटीप_वाचक सांगतील, ते या काळातले पक्के आहेत.

तळटीप_वाचक
बोलावलंत म्हणून आलो 🙂

फ्रुआसार वाचायला झक्कास आहे यात वादच नाही, पण ही गोष्ट तो ज्या रस्त्याने ऐकतो तो रस्ता बघा. ऑर्तेझला येताना वाटेत त्याला एस्पाँ द लिओं नावाचा सरदार सोबतीला मिळतो, फेब्यूसचाच माणूस. दोघं घोड्यावरून चाललेत, एस्पाँ प्रत्येक किल्ल्याची, प्रत्येक नदीकाठच्या चकमकीची गोष्ट सांगतोय. एवढंच काय, स्वतःच्या धन्याने लूर्दच्या किल्लेदाराला, म्हणजे सख्ख्या नात्यातल्या पियेर आर्नोला, कसं भोसकलं तेही सांगतो (गुन्हा काय, तर लूर्दचा किल्ला मी इंग्लंडच्या राजाची शपथ घेऊन धरलाय, तुम्हाला देणार नाही असं तोंडावर म्हणाला). पण फ्रुआसार जेव्हा विचारतो की काउंटचा मुलगा कसा गेला, तेव्हा हा बोलका माणूस गप्प. म्हणतो, तिथे गेल्यावर कोणीतरी सांगेल. आणि मग ऑर्तेझमध्ये एक म्हातारा सेवक सांगतो, ज्याचं नावही फ्रुआसार देत नाही.

म्हणजे आठ वर्षांनी, मारणाऱ्याच्याच वाड्यात, त्याचंच अन्न खात असताना, त्याच्याच नोकराच्या तोंडून ऐकलेली ही हकीकत. ती अपघातावर संपावी यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

दुसरं. आन्येसबद्दल या फ्रुआसारला काय सांगितलं गेलं माहीत आहे का? की आल्ब्रेच्या सरदाराच्या सुटकेचे ५०,००० फ्रँक नाव्हारच्या राजाने हमी घेऊन स्वतःकडे ठेवले, ते आणायला आन्येस भावाकडे गेली, भाऊ म्हणाला हे पैसे तुझ्याच हक्काचे आहेत, इथून हलणार नाहीत, आणि रिकाम्या हाताने नवऱ्यापुढे जायची तिची हिंमत झाली नाही म्हणून ती तिकडेच राहिली. किती छान, कोणी कोणाला हाकललंच नाही! प्रत्यक्षात ती लोनाकच्या पाठोपाठ, डिसेंबर १३६२ मध्येच घालवली गेली, जुनी_सनद यांनी वर लिहिलंय तसं. तर बायकोच्या बाबतीत दरबाराने त्याला धुऊन पुसून गोष्ट दिली असेल तर मुलाच्या बाबतीत तशी दिली नसेल कशावरून? मुलाचं वयही तो पंधरा-सोळा देतो, मुलगा सप्टेंबर १३६२ चा, १३८० मध्ये तो १८ च्या आसपास होता. लग्न झालेला, भावी काउंट. मामाने दिलेली पूड वशीकरणाची आहे असं समजणारं भोळं बाळ नव्हे.

तिसरं, विष. तेव्हा नाव्हारच्या चार्ल्सच्या नावावर कुठलंही विष खपत होतं. १३७८ मध्ये त्याचा एक खास माणूस फ्रान्समध्ये पकडला गेला, त्याच्या तोंडून फ्रान्सच्या राजाला विष घालायचा कट वदवून घेतला आणि त्याचं डोकं उडवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी बेआर्नमध्ये तशीच गोष्ट. चार्ल्स काही संत नव्हता, यात त्याचा हात नव्हताच असंही मी म्हणत नाही. पण मेलेला कुत्रा वगैरे नाटकाचा भाग बाजूला ठेवला तर जे उरतं ते साधं राजकारण आहे. १८ वर्षांच्या मुलाला बापाने ना अधिकार दिला ना पैसा, आई परमुलखात अपमानित, बापाचे लाड सगळे लेकावळ्यांवर, बापावर नाराज असलेले बेआर्नी सरदार आहेतच, लेस्करच्या बिशपचंही नाव या कटात घेतात, आणि पाठीशी मामा. असल्या घरात कट न होता तरच नवल.

त्यामुळे माझं उत्तर: कट बहुधा खरा, कैद खरी, मृत्यू खरा. रागाच्या भरात मारलं की विचार करून मारलं हे ठरवायला आपल्याकडे फेब्यूसच्या बाजूची साक्ष सोडून दुसरी तपशीलवार साक्ष नाही. 'अपघात' म्हणणाऱ्यांनी निदान साक्ष कुठून आली ते सांगावं.

रानवाटा_७
बापरे. सगळ्यांना खूप धन्यवाद, फ्रुआसारचा मान ठेवून मी तळटीप_वाचक यांच्या बाजूची.

आता मला इव्हँबद्दल जास्त उत्सुकता वाटतेय, म्हणजे चुगली करणारा तोच आणि औरस भाऊ गेल्यावर फायदा त्याचाच ना? त्याला गादी मिळाली का? आणि एवढे ३ लाख फ्लोरिन वगैरे गेले कुठे?

आडवाटेचा_प्रवासी
इव्हँची गोष्ट मी सांगतो, ती कोणी सांगत नाही नीट.

पैसा कुठे गेला? कुठेच नाही, बुरुजात. ऑर्तेझच्या मोंकाद बुरुजात खजिना होता आणि फेब्यूस गेला तेव्हा त्यात ७ लाखांहून जास्त फ्लोरिन निघाले. राजे कर्जात बुडालेत आणि हा डोंगरातला काउंट त्यांना उधार देऊ शकतो अशी परिस्थिती. किल्ले बांधण्यात मात्र हात सैल, पो, मोंतानेर, अशा किल्ल्यांची साखळीच उभी केली. मोंतानेरच्या दगडात अजून 'फेब्यूसने मला बांधलं' असं त्यांच्या बोलीत कोरलेलं आहे. आणि पैसा कशातूनही काढायचा. जान द बुलोन्य नावाची एक नात्यातली मुलगी लहानपणापासून ऑर्तेझला त्याच्याकडे वाढत होती, मोठ्या जहागिरीची वारस. १३८९ मध्ये फ्रान्सच्या राजाचा काका, बेरीचा ड्यूक, वय पन्नाशीच्या घरात, याने तिला मागणी घातली, मुलगी बाराच्या आसपास. फेब्यूसने सांगितलं, मुलगी घेऊन जा, पण इतकी वर्षं सांभाळली त्याचे ३०,००० फ्रँक ठेवा. आणि घेतले! हिचं नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

वारस नाही म्हटल्यावर १३९० मध्ये त्याने फ्रान्सचा तरुण राजा चार्ल्स सहावा याच्याशी तुलूजला करार केला. माझ्या मागे सगळं तुमचं, त्याबदल्यात मला १ लाख फ्रँक आणि हयातभर बिगोर परगणा. १३४७ ला 'देवाने दिलंय' म्हणणारा माणूस हाच. काही अभ्यासक म्हणतात की यात इव्हँसाठी काहीतरी सोय लावून घ्यायचा डाव होता. मला पटतं, कारण सख्ख्या भाऊबंदांपैकी जो कायदेशीर वारस येत होता, मात्यू द कास्तेलबों, त्याच्याशी याचं अजिबात पटत नव्हतं.

मग १ ऑगस्ट १३९१. सोव्हतेरच्या रानात अस्वलाची शिकार झाली, दुपारी ओरिओं गावात जेवायला उतरले. फ्रुआसार लिहितो की खोलीत गारव्यासाठी जमिनीवर ताजा हिरवा पाला अंथरला होता, फेब्यूस खूश झाला, हात धुवायला पुढे केले, त्याच्या लांब देखण्या बोटांवर गार पाणी पडलं आणि चेहरा पांढराफटक. बसता बसता कोसळला. वय ६०. इव्हँ तिथेच होता. लोकांनी त्याला सांगितलं, रडत बसू नकोस, बातमी पसरायच्या आत ऑर्तेझ गाठ आणि खजिना ताब्यात घे. त्याने बापाच्या बोटातली अंगठी आणि जेवणाचा चाकू खूण म्हणून घेतला आणि घोडा पिटाळला. किल्लेदाराने खुणा बघून दार उघडलं. पण खजिन्याच्या किल्ल्या फेब्यूस स्वतःच्या अंगावर, सदऱ्याच्या आत बाळगायचा, त्या राहिल्या ओरिओंला! तोवर गावात बातमी फुटली, ऑर्तेझचे नागरिक हत्यारं घेऊन किल्ल्याच्या दाराशी जमले आणि हा खिडकीतून गयावया करतोय की मी काही वाईट करायला आलो नव्हतो. कल्पना करा.

त्यांनी त्याला मारलं नाही, उलट गोडीने वागवलं. पण बेआर्नच्या लोकांनी सभा भरवून मात्यूला धनी मानलं, राजाशी केलेला करार वगैरे आम्हाला माहीत नाही म्हणाले, आणि राजाच्या सल्लागारांनीही शेवटी पैसे घेऊन तो विषय सोडला. इव्हँ गेला पॅरिसला, राजाच्या दरबारात. तरुण, देखणा, लगेच राजाच्या खास गोतावळ्यात.

२८ जानेवारी १३९३. राणीच्या एका सखीच्या लग्नाचा जलसा. राजा आणि पाच मित्र रानटी माणसांची सोंगं घेऊन नाचायला आले, अंगाला चिकटवलेले कापडी पोशाख, त्यावर राळ आणि ताग, पायापासून डोक्यापर्यंत केसाळ. मशाली जवळ आणायच्या नाहीत असा हुकूम होता, पण राजाचा भाऊ ओर्लेआँचा ड्यूक उशिरा आला, मशाल घेऊन जवळ बघायला गेला. ठिणगी पडली. चार जण जळून मेले, त्यातला एक इव्हँ. राजा वाचला, कारण एका पोरसवदा बाईने प्रसंगावधान राखून स्वतःच्या घागऱ्याचा घोळ त्याच्यावर टाकला आणि आग दाबली. ती बाई म्हणजे बेरीच्या ड्यूकची बायको, जान द बुलोन्य. इव्हँच्या बापाच्या ऑर्तेझच्या वाड्यात वाढलेली तीच.

हे मी रंगवून सांगत नाहीये, खरोखर असंच झालंय.

काकडीची_कोशिंबीर
काटा आला अंगावर. त्या जानसाठी ३०,००० घेतले ते वसूल झाले म्हणायचे, राजाचे तरी.

आन्येस बिचारी कुठे होती तेव्हा?

जुनी_सनद
माहेरीच. १३६२ ला गेली ती कायमची. नवऱ्यामागे काही वर्षं जगली, भाऊ तर तिच्याआधीच १३८७ च्या १ जानेवारीला गेला होता. मुलगा ज्या भेटीत तिला शेवटचा भेटला त्याच भेटीतून ते प्रकरण उद्भवलं असेल तर तिच्या वाट्याला काय आलं असेल याचा विचार फ्रुआसारनेही केलेला नाही, एक ओळ नाही.

अजून एक लेकावळा राहिला, बेर्नार. तो १३६० च्या दशकात कास्तिलच्या यादवीत लढायला स्पेनमध्ये गेला, तिथल्या राजघराण्याच्या रक्ताची बायको केली आणि मेदिनासेलीचा पहिला काउंट झाला. स्पेनमधलं मेदिनासेलीचं ड्यूक घराणं त्याच्यापासून सुरू होतं. बापाच्या डोळ्यांपासून लांब राहिला तो टिकला.

सह्याद्रीचा_वारा
सगळे मिळून त्या माणसाला फासावर चढवताय म्हणून दोन शब्द त्याच्या बाजूने. चाळीस वर्षं आजूबाजूचा सगळा दक्षिण फ्रान्स इंग्रज, फ्रेंच आणि भाडोत्री टोळ्यांनी लुटून खाल्ला, बेआर्नमध्ये मात्र परकी फौज घुसली नाही. कर जबर होते हे मान्य पण शेतकऱ्याचं घर जळत नव्हतं. त्या काळात एवढं करणारे किती होते? घरचं आणि दारचं एकाच काट्यावर तोलू नका.

तळटीप_वाचक
दारचंच घ्या. १३५८ च्या जूनमध्ये प्रशियातल्या मोहिमेवरून परतताना तो पॅरिसजवळच्या मो गावी पोचला. तिथे राजपुत्राची बायको आणि इतर सरदारांच्या बायका अडकल्या होत्या आणि बाहेर बंडखोर शेतकरी आणि पॅरिसहून आलेली माणसं. याने आणि याच्या चुलतभावाने मूठभर घोडेस्वारांनिशी बायकांची सुटका केली, मोठं नाव झालं, पण त्यानंतर पळणाऱ्या लोकांची जी कत्तल झाली आणि ते गाव जे जळत राहिलं ते शेतकऱ्यांचंच होतं ना? बेआर्नचा शेतकरी त्याने सांभाळला कारण तो त्याचा करदाता होता. १३८५ मध्ये बेआर्नमधल्या चुली मोजून घेतल्या त्या काही आपुलकीने नव्हे, करासाठी.

बाकी तुमचा मुद्दा मी सोडून देत नाही. बेआर्नचं स्वतंत्रपण पुढे दोनशेहून जास्त वर्षं टिकलं, त्याच पो च्या किल्ल्यात १५५३ मध्ये पुढे फ्रान्सचा राजा झालेला हेन्री चौथा जन्मला, आणि हे सगळं फेब्यूसने घातलेल्या पायावर. फक्त ते उपभोगलं दुसऱ्याच शाखेने. मात्यूला मूल नव्हतं, त्याच्या बहिणीकडून ग्राइयी घराणं आलं. फेब्यूसचं स्वतःचं औरस रक्त १३८० ला त्या बुरुजात संपलं.

सह्याद्रीचा_वारा
करासाठी का होईना, सांभाळला ना. आपण दोघं इथे असहमत राहू, चालेल.

रानवाटा_७
शेवटचा प्रश्न, मग त्रास देणार नाही. त्याला पश्चात्ताप झाला होता का? आणि ते मूळ पुस्तक कुठे बघायला मिळेल पूर्ण?

जुनी_सनद
पश्चात्तापाबद्दल, त्याच्या नावावर प्रार्थनांचं एक पुस्तक आहे, मी पापी आहे, माझ्यावर दया कर, असा सूर. बरेच लोक ते मुलाच्या मृत्यूशी जोडतात आणि तसं जोडायचा मोह होतोच, पण बाकीच्या भक्तिपर लिखाणातही तेव्हा हाच सूर असायचा, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही.

शिकारीचं पुस्तक १ मे १३८७ ला सुरू केलं, म्हणजे मुलगा जाऊन सात वर्षं झाल्यावर, आणि अर्पण केलं बर्गंडीच्या ड्यूक फिलिपला. मातृभाषा त्याची दक्षिणेकडची, पण पुस्तक फ्रेंचमध्ये. तुम्ही बघितलेली चित्रं बहुतेक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ६१६ क्रमांकाच्या हस्तलिखितातली, ते गॅलिका या त्यांच्या साइटवर फुकट आहे, मोठं करून पानंच्या पानं बघता येतात. ८७ चित्रं आहेत. इंग्रजी हवं असेल तर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेलं भाषांतर नेटवर मिळेल, भाषा जुनी आहे पण जमेल. तो एडवर्डही पुढे आझँकूरच्या लढाईत मेला.

कुत्र्यांच्या भागापासून सुरू करा. शिकारीचं काम शिकवायला मुलगा सातव्या वर्षापासून घ्या म्हणतो, सगळ्या कुत्र्यांची नावं आणि रंग तोंडपाठ पाहिजेत, कुत्र्यांची भांडणं होऊ नयेत म्हणून रात्री त्यांच्यातच कोणीतरी झोपायला हवं. मुलांना कामात कुचराई केली तर मार द्यायचा हेही लिहिलंय हो, ते चित्रांत दिसत नाही.